क्वार्टरबॅकचा करार: मथळ्यातला आकडा आणि वहीतला हिशेब

१५ सप्टेंबर २०२४ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर शहरात डेन्व्हर ब्रॉन्कोज आणि पिट्सबर्ग स्टीलर्स या दोन व्यावसायिक फुटबॉल संघांमध्ये सामना झाला. पाहुण्या पिट्सबर्गने तो १३-६ असा जिंकला. पिट्सबर्गचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन पोटरीच्या दुखापतीमुळे त्या दिवशी खेळू शकला नाही. तरीही त्या सामन्यातील सर्वांत विलक्षण गोष्ट त्याच्याशीच निगडित होती. त्या मोसमासाठी पिट्सबर्ग त्याला १२ लाख १० हजार डॉलर देणार होते, तर सुमारे ३ कोटी ७८ लाख डॉलर यजमान डेन्व्हरच्या तिजोरीतून जाणार होते. याच डेन्व्हरने सहा महिन्यांपूर्वी त्याला करारमुक्त केले होते.

प्रतिस्पर्धी संघातल्या खेळाडूचा पगार देण्याची वेळ एखाद्या संघावर का यावी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना नॅशनल फुटबॉल लीग अर्थात एनएफएल या साखळीचे सारे अर्थकारण उलगडत जाते. तेथे सामने सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळात मैदानावर खेळले जातात; पण संघांचे भवितव्य बव्हंशी मार्च आणि एप्रिलमध्ये, मैदाने रिकामी असताना ठरते.

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की पायाने खेळायचा खेळ डोळ्यांसमोर येतो. अमेरिकी फुटबॉल मात्र लंबगोल चेंडू हातात घेऊन वा फेकून, प्रतिस्पर्ध्यांची भिंत भेदत पुढे सरकण्याचा खेळ आहे. आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू प्रथम क्वार्टरबॅककडे येतो. तो कोणाला द्यायचा, किती दूर फेकायचा की स्वतःच घेऊन धावायचे, हे त्याला तीन-चार सेकंदांत ठरवावे लागते, तेही अंगावर धावून येणाऱ्या सव्वाशे-दीडशे किलोंच्या खेळाडूंच्या गराड्यात. क्रिकेटमधील कर्णधार, सलामीचा फलंदाज आणि यष्टिरक्षक एकाच माणसात सामावले तर जे वजन त्याला येईल, तेवढे वजन या एका जागेला असते. या साखळीत बत्तीस संघ आहेत, आणि हे काम उत्तम रीतीने करू शकणारी माणसे बत्तीस कधीच नसतात. किमती चढण्याचे मूळ कारण हेच.

एकाच्या ताटातून दुसऱ्याच्या ताटात

किंमत कितीही चढली तरी संघमालकाला मनाला येईल तेवढा खर्च करता येत नाही. १९९४ पासून या साखळीत खेळाडूंच्या एकूण वेतनावर कडक मर्यादा आहे. पहिल्या वर्षी ती प्रत्येक संघाला ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख डॉलरवर पोहोचली. दूरचित्रवाणी हक्कांचे उत्पन्न वाढते तशी ही मर्यादाही वाढत जाते, कारण उत्पन्नातील किमान ४८ टक्के वाटा खेळाडूंचा असे २०२० च्या सामूहिक करारात ठरलेले आहे. इंडियन प्रीमियर लीगच्या लिलावात प्रत्येक संघाच्या थैलीला मर्यादा असते, हे भारतीय वाचकांना परिचित आहे. तत्त्व तेच, परंतु अमेरिकेत करार चार-पाच वर्षांचे असतात आणि त्यांचा हिशेब कमालीचा गुंतागुंतीचा असतो.

या मर्यादेत संघाला मोसमभरासाठी ५३ खेळाडूंचा ताफा बाळगावा लागतो. २०२४ मध्ये डॅलस काउबॉइजने डॅक प्रेस्कॉटशी चार वर्षांसाठी २४ कोटी डॉलरचा करार केला, म्हणजे वर्षाला सरासरी ६ कोटी. उरलेल्या बावन्न जणांची सोय उरलेल्या पैशांत लावायची. क्वार्टरबॅकच्या करारात वाढलेला प्रत्येक डॉलर संघातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून येतो, आणि तो दुसरा बहुधा तिशीकडे झुकलेला, गुडघ्यावर एखादी शस्त्रक्रिया झालेला, फारसे नाव नसलेला खेळाडू असतो.

याचा सर्वांत बोलका दाखला २०१३ चा आहे. बाल्टिमोर रेव्हन्सचा क्वार्टरबॅक जो फ्लॅको याने २०१२ च्या मोसमापूर्वी संघाने देऊ केलेला करार नाकारला आणि अखेरच्या वर्षाच्या जुन्या करारावरच तो खेळला. फेब्रुवारी २०१३ मध्ये बाल्टिमोरने सॅन फ्रान्सिस्कोला ३४-३१ असे हरवून सुपर बोल, म्हणजे या साखळीचे अजिंक्यपद पटकावले. अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या क्वार्टरबॅकला सोडणार कसे? महिनाभरात फ्लॅकोच्या हाती सहा वर्षांचा, १२ कोटी ६ लाख डॉलरचा करार पडला. त्याच सुमारास चेंडू झेलण्यात वाकबगार असलेल्या अँक्वान बोल्डिनला संघाने पगारात २० लाख डॉलरची कपात स्वीकारण्यास सांगितले. अंतिम सामन्यात फ्लॅकोने फेकलेले सहा चेंडू झेलून १०४ यार्ड मिळवणारा तो हाच बोल्डिन. त्याने नकार दिला. मग बाल्टिमोरने सहाव्या फेरीतील एका निवडहक्काच्या मोबदल्यात त्याला देऊन टाकले, तेही नुकत्याच हरवलेल्या सॅन फ्रान्सिस्कोला! पुढच्या मोसमात बोल्डिनने तेथे हजारांहून अधिक यार्ड मिळवले. बाल्टिमोर आठ विजय आणि आठ पराभवांवर थबकले आणि बाद फेरीलाही मुकले.

मथळ्यातला आकडा आणि हमीची रक्कम

वृत्तपत्रांत झळकणारा आकडा आणि खेळाडूच्या हाती निश्चितपणे पडणारी रक्कम यांत मोठे अंतर असते. बेसबॉल आणि बास्केटबॉलमध्ये करारातील जवळपास सारी रक्कम हमीची मानली जाते. खेळाडू जायबंदी झाला वा त्याची लय हरपली तरी पैसे मिळतात. फुटबॉलमध्ये, जेथे शरीराची सर्वाधिक मोडतोड होते तेथेच, हमी सर्वांत कमी. १९८७ मध्ये खेळाडूंनी संप केला, तेव्हा मालकांनी बदली खेळाडू उभे करून तीन आठवडे सामने चालू ठेवले आणि संप फसला. खेळाडू संघटनेची ताकद तेव्हापासून बेसबॉलच्या संघटनेइतकी कधीच राहिली नाही. शिवाय एक जुना नियम असा की, हमी दिलेली भावी वर्षांची रक्कम संघाने वेगळ्या खात्यात अनामत ठेवावी लागते. त्यामुळे आमच्याकडे एवढी रोकड नाही, हे कारण मालकांना नेहमीच हाताशी असते.

कॅन्सस सिटी चीफ्सच्या पॅट्रिक महोम्सने २०२० मध्ये दहा वर्षांचा ४५ कोटी डॉलरचा करार केला. बक्षिसांच्या रकमा धरून तो ५० कोटींपलीकडे जाऊ शकत होता. जगभर मथळे झाले. परंतु सही करतानाची बिनशर्त हमी ६ कोटी ३० लाखांच्या आसपासच होती. बाकीची रक्कम पुढे टप्प्याटप्प्याने, दर वर्षी मार्चमध्ये तो संघात असेल तर, पक्की होत जाणार होती.

हिशेबाचा दुसरा पेच साइनिंग बोनसचा, म्हणजे करारावर सही होताच मिळणाऱ्या रकमेचा. समजा, पाच वर्षांच्या करारात खेळाडूला ५ कोटी डॉलर सहीबरोबर मिळाले. पैसे त्याच्या खात्यात जमा झाले. पण मर्यादेच्या वहीत संघ दर वर्षी फक्त १ कोटी मांडतो. यामुळे चालू वर्षात खर्चाला वाव मिळतो. आता दोन वर्षांनी त्या खेळाडूला काढून टाकले, तर वहीत न मांडलेले उरलेले ३ कोटी अंगावर येतात. खेळाडू गेलेला, पैसे पूर्वीच दिलेले आणि तरीही मर्यादेतली तेवढी जागा अडलेली. अमेरिकेत याला 'डेड मनी' म्हणतात. मराठीत बुडीत खात्याची आठवण व्हावी असाच हा प्रकार. ठरावीक खेळाडूंना १ जूननंतरची तारीख लावून मुक्त केले, तर हा बोजा दोन वर्षांत विभागता येतो, एवढीच सवलत.

संघांनी यातूनही वाट काढली. करारात शेवटी नावापुरती, प्रत्यक्षात कधी खेळली न जाणारी वर्षे जोडायची आणि बोनस त्यांवरही पसरायचा. टॉम ब्रेडी फेब्रुवारी २०२३ मध्ये निवृत्त झाला. तरी त्या वर्षीच्या टॅम्पा बेच्या हिशेबात त्याच्या नावावर ३ कोटी ५१ लाख डॉलर उभे होते. घरी बसलेला माणूस संघातील सर्वांत मोठा खर्च ठरावा, ही या पद्धतीची गंमत म्हणायची की तिचा दोष, हे ज्याचे त्याने ठरवावे.

डेन्व्हरने मोजलेली किंमत

आता विल्सनच्या प्रकरणाकडे वळता येईल. मार्च २०२२ मध्ये डेन्व्हरने त्याला सिअॅटलकडून मिळवले. मोबदला जबर होता: पहिल्या फेरीतील दोन, दुसऱ्या फेरीतील दोन आणि पाचव्या फेरीतील एक निवडहक्क, शिवाय तीन खेळाडू. महाविद्यालयीन खेळाडूंमधून नवे खेळाडू निवडण्याची जी वार्षिक प्रक्रिया असते तिला ड्राफ्ट म्हणतात, आणि तेथील पहिल्या फेरीचा हक्क म्हणजे संघाच्या भविष्यातला सोन्याचा तुकडा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, डेन्व्हरकडून एकही अधिकृत सामना खेळण्यापूर्वी, विल्सनशी पाच वर्षांचा सुमारे २४ कोटी डॉलरचा वाढीव करार झाला. जुन्या कराराची दोन वर्षे बाकी असताना ही घाई कशासाठी, असा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता. पण एवढे निवडहक्क देऊन आणलेल्या माणसाशी तुटकपणे वागणे कोणत्याही संघाला अवघड जाते. एका मोठ्या खर्चाने दुसऱ्या मोठ्या खर्चाला खेचून आणले.

पहिला मोसम पाच विजय आणि बारा पराभवांचा गेला. मोसम संपण्याआधीच मुख्य प्रशिक्षकांची गच्छंती झाली. २०२३ मध्ये शॉन पेटन प्रशिक्षक म्हणून आले. विल्सनचा खेळ सुधारला. त्याने २६ टचडाउन फेकी केल्या आणि केवळ आठ चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले. तरीही दोन सामने उरले असताना त्याला बाकावर बसवण्यात आले.

कारण करारातील एका कलमात दडले होते. २०२५ च्या मोसमाचे ३ कोटी ७० लाख डॉलर दुखापतीपुरते आधीच हमीचे होते, आणि मार्च २०२४ मध्ये, नव्या हिशेबी वर्षाच्या पाचव्या दिवशी तो संघात असल्यास ते बिनशर्त हमीचे होणार होते. अखेरच्या सामन्यांत त्याला गंभीर दुखापत झाली असती आणि मार्चपर्यंत तो बरा झाला नसता, तर ही रक्कम संघाच्या गळ्यात पडली असती. हमीची तारीख पुढे ढकलण्यास मान्यता दिली नाही तर बाकावर बसवू, असे संघाने ऑक्टोबरमध्येच सांगितले होते, असे विल्सनने जाहीरपणे सांगितले. प्रशिक्षकांनी मात्र हा खेळासंबंधीचा निर्णय असल्याचे म्हटले. दोन्ही म्हणणी ऐकून घेतली तरी एक गोष्ट उरते: चेंडू कोणी फेकावा याचा विचार करताना कराराची तारीख सर्वांना ठाऊक होती.

मार्च २०२४ मध्ये डेन्व्हरने त्याला मुक्त केले. त्या वर्षीचे हमीचे ३ कोटी ९० लाख डॉलर देणे चुकणार नव्हतेच. दुसऱ्या संघाने जेवढे दिले असते तेवढेच डेन्व्हरचे वाचले असते, म्हणून पिट्सबर्गने किमान वेतन देऊ केले आणि विल्सनने ते आनंदाने घेतले. वहीत न मांडलेली रक्कम ८ कोटी ५० लाख डॉलर भरली, ५ कोटी ३० लाख २०२४ मध्ये आणि ३ कोटी २० लाख २०२५ मध्ये. साखळीच्या तोवरच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा बुडीत बोजा होता. तीस सामने, अकरा विजय, एकोणीस पराभव, एवढेच डेन्व्हरच्या पदरी पडले.

एवढ्या ओझ्याखाली संघ काही वर्षे रांगेच्या शेवटी राहील, असा सर्वसाधारण अंदाज होता. घडले उलटे. एप्रिल २०२४ मध्ये डेन्व्हरने ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर बो निक्सला निवडले. त्याचा चार वर्षांचा सारा करार सुमारे १ कोटी ८६ लाख डॉलरचा, म्हणजे प्रेस्कॉटच्या एका वर्षाच्या निम्म्याहूनही कमी. त्याच मोसमात संघ २०१५ नंतर प्रथमच बाद फेरीत पोहोचला आणि २०२५ मध्ये त्याने चौदा सामने जिंकले.

स्वस्ताईची चार वर्षे

निक्स इतका स्वस्त का? २०१० पर्यंत नवोदितही वाटाघाटी करून प्रचंड रकमा मिळवत. त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला, त्यात ५ कोटी हमीचे. २०११ च्या सामूहिक कराराने नवोदितांच्या वेतनाची श्रेणी ठरवून दिली, आणि त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाखांवर समाधान मानावे लागले. अनुभवी खेळाडूंच्या मतांवर चालणाऱ्या संघटनेने अद्याप सदस्यही न झालेल्या मुलांचे पैसे सोडून दिले, असे त्यावर म्हणता येईल.

परिणाम असा की उत्तम क्वार्टरबॅक नवोदित करारावर असेपर्यंतची चार वर्षे ही संघाची सुवर्णसंधी ठरली. विल्सन स्वतः २०१२ मध्ये तिसऱ्या फेरीत निवडला गेला होता. दुसऱ्या मोसमात सिअॅटलच्या हिशेबात त्याचा खर्च ७ लाख डॉलरहूनही कमी होता. वाचलेल्या पैशांत उभ्या केलेल्या बचाव फळीच्या बळावर फेब्रुवारी २०१४ मध्ये सिअॅटलने सुपर बोल जिंकला. अंतिम सामन्यात ४३-८ असा धुव्वा उडाला तो, योगायोगाने, डेन्व्हरचा.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रॉक पर्डीची कथा याहून टोकाची. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये तो २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा होता. वर्षाला दहा लाख डॉलरही न मिळवणाऱ्या या तरुणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये संघाला सुपर बोलपर्यंत नेले. तो सामना कॅन्सस सिटीने जादा वेळेत जिंकला. मे २०२५ मध्ये पर्डीला पाच वर्षांचा २६ कोटी ५० लाख डॉलरचा करार मिळाला. त्या वसंत ऋतूत डीबो सॅम्युएल, ड्रे ग्रीनलॉ, टॅलानोआ हुफांगा, चार्व्हेरियस वॉर्ड हे संघाचे खंदे खेळाडू एकामागून एक अन्यत्र गेले. नियोजित करार समोर दिसत असताना बाकीचे घर आधी आवरावे लागते.

महागड्या क्वार्टरबॅकसह अजिंक्यपद अशक्य आहे असे मात्र नाही. १९९४ च्या मोसमात सॅन फ्रान्सिस्कोचा स्टीव्ह यंग मर्यादेच्या १३ टक्क्यांच्या आसपास खर्चूनही विजेता ठरला, आणि त्यानंतर जवळपास तीन दशके हा जणू अलिखित उंबरठा मानला गेला. २०२२ च्या मोसमात महोम्सने सुमारे १७ टक्के वाटा घेऊन तो ओलांडला. पण महोम्स किती असतात?

टॅगचे दडपण आणि पूर्ण हमीचा वाद

करार संपलेल्या खेळाडूला थोपवून धरण्याचे एक हत्यार १९९३ पासून संघांकडे आहे. 'फ्रँचाइज टॅग' लावला की, त्या जागेवरील सर्वाधिक पगारांच्या सरासरीवर आधारलेली रक्कम देऊन खेळाडूला आणखी एक वर्ष ठेवता येते. पैसे भरघोस, पण वर्ष एकच. दुखापत झाली तर पुढचा मोठा करार गेला. बहुतेक खेळाडूंना हे टाळायचे असते. कर्क कझिन्सने मात्र याच हत्याराची ढाल केली. वॉशिंग्टनने त्याला २०१६ आणि २०१७ असे दोनदा टॅग लावले. त्याने जवळपास ४ कोटी ४० लाख डॉलर कमावले आणि २०१८ मध्ये मोकळा होऊन मिनेसोटाशी तीन वर्षांचा, ८ कोटी ४० लाखांचा, पूर्ण हमीचा करार केला.

पूर्ण हमीची ही वाट आता सर्वांसाठी खुली झाली असे वाटत असतानाच मार्च २०२२ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सने डेशॉन वॉटसनला पाच वर्षांसाठी २३ कोटी डॉलर दिले, सारेच्या सारे हमीचे. वॉटसनविरुद्ध वीसहून अधिक महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे दाखल केलेले होते. त्याने आरोप नाकारले, टेक्ससमध्ये त्याच्यावर फौजदारी आरोप निश्चित झाले नाहीत आणि बहुतेक दावे तडजोडीने मिटले. तथापि साखळीने त्याला ११ सामन्यांसाठी निलंबित करून ५० लाख डॉलर दंड केला. अशा खेळाडूला इतिहासातली सर्वांत मोठी हमी मिळावी, यावर प्रेक्षकांत संताप उसळला. मालकांचा संताप वेगळ्या कारणासाठी होता. बाल्टिमोरचे मालक स्टीव्ह बिशॉटी यांनी या कराराविषयी उघड नापसंती दर्शवली, कारण त्यांच्याकडे लमार जॅक्सन होता.

जॅक्सन २०१९ चा सर्वोत्कृष्ट खेळाडू, आणि तो दलालाविना स्वतःच वाटाघाटी करत होता. मार्च २०२३ मध्ये बाल्टिमोरने त्याला अशा प्रकारचा टॅग लावला की, अन्य संघ पहिल्या फेरीचे दोन निवडहक्क देऊन त्याला नेऊ शकत होते. एकाही संघाने प्रस्ताव दिला नाही. अखेर एप्रिलमध्ये त्याने पाच वर्षांचा २६ कोटी डॉलरचा करार केला. त्यात हमी १८ कोटी ५० लाखांची. २३ कोटींची पूर्ण हमी हा अपवादच राहिला. क्लीव्हलंडचा अनुभव पाहता तो तसा राहणे मालकांना सोयीचेही ठरले, कारण दुखापती आणि निलंबन यांमुळे वॉटसन पहिल्या तीन मोसमांत मिळून अवघे १९ सामने खेळला.

२०२५ चा मार्च

अशा निर्णयांत शहाणपण कशात, हे आधी सांगणे कठीण. २०२४ मध्ये मिनेसोटाने सॅम डार्नोल्डला एका वर्षासाठी १ कोटी डॉलरवर घेतले. २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला डार्नोल्ड तोवर तीन संघ फिरून आला होता. त्याने मिनेसोटाला सतरापैकी चौदा सामने जिंकून दिले. परंतु साखळीतील शेवटचा सामना आणि बाद फेरीचा सामना या दोन्हींत तो निष्प्रभ ठरला. आता काय करायचे? टॅग लावायचा तर वर्षाला ४ कोटी डॉलर लागणार. पहिल्या फेरीत निवडलेला, गुडघ्याच्या दुखापतीमुळे पूर्ण मोसम मुकलेला जे. जे. मॅकार्थी स्वस्त करारावर तयारच होता. मिनेसोटाने डार्नोल्डला जाऊ दिले आणि वाचलेला पैसा अन्य जागांवर खर्च केला. तेव्हाच्या गणितानुसार या निर्णयात वावगे काहीच नव्हते.

डार्नोल्डला सिअॅटलने तीन वर्षांसाठी १० कोटी ५ लाख डॉलरवर घेतले, म्हणजे वर्षाला सरासरी सव्वातीन कोटींच्या थोडे वर. क्वार्टरबॅकच्या बाजारात ही मधल्या पायरीची किंमत होती. संघाच्या इतर गरजांसाठी पैसा शिल्लक राहत होता. २०२५ च्या मोसमात मिनेसोटा बाद फेरीपर्यंत पोहोचले नाही. सिअॅटलने फेब्रुवारी २०२६ मध्ये सुपर बोल जिंकला.

त्या विजयी संघात क्वार्टरबॅकच्या डाव्या बाजूचे रक्षण करणारा चार्ल्स क्रॉस आणि बचाव फळीतील डेव्हन विदरस्पून हेही होते. क्रॉस २०२२ मध्ये नवव्या आणि विदरस्पून २०२३ मध्ये पाचव्या क्रमांकावर निवडला गेला होता. हे दोन्ही निवडहक्क मूळचे डेन्व्हरचे. रसेल विल्सनच्या मोबदल्यात सिअॅटलला मिळालेले.